वर्गातला नंबर

सरावलीत आमच्या खालच्या मजल्यावर एक शेजारीण राहते आणि औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरते. दर वाक्याला "नाय का, बाई?" म्हणते. भजीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून मगच टाकते.

तिची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात आहे. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासावरचं एक पुस्तक वाचून त्याचं चिकित्सक परीक्षण लिहा, असं मी वर्गाला सांगितलं होतं. सगळ्या वह्या जमा झाल्यावर एका रविवारी आईच दारात आली. हातात नवी वही होती.

"ही पोरीची नाय, माजी हाय. माजी शाळा आठवीत सुटली. तपासाल, नाय का, बाई?"

तिने लिहिलं होतं, 'लेखक म्हणतात, साथ आली तेव्हा सगळं गाव रिकामं झालं. माझी आजी गेली नव्हती. ती मागे राहून गुरं सांभाळत होती. लेखकांनी कोणाला विचारलं?'

 मुलांची तपासते तशीच मी ती वही तपासली. लाल पेनाने शुद्धलेखन सुधारलं, 'आजीकडून हे कोणी ऐकलं, तेही लिहावं' असा शेरा दिला आणि दहापैकी सात गुण दिले.

ती शेऱ्यावरून बोट फिरवत राहिली. तिला वाईट वाटलं की काय, अशी मला धास्ती वाटली.

"वर्गात कितवा नंबर आला माजा?"

मी मुलांच्या वह्यांचा गठ्ठा उघडून सगळ्यांचे गुण बघितले. "पाचवा."

"मग पाचव्या नंबरला कुटला बाक मिळतो, बाई?"