बोहनीचं कॉलेज

सिंदी रेल्वेच्या आठवडी बाजारात आमचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक बारदान. त्यावर वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाबा अजून जुड्या मांडत असतानाच एक मावशी कापडी पिशवी घेऊन येते. ती मुद्दाम सगळ्यांच्या आधी येते, कारण बोहनीचं, म्हणजे दिवसाचं पहिलं, गिऱ्हाईक बाबा कधीच परत पाठवत नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे. ती मागेल त्या भावात ते देतात, मिळालेले पैसे तराजूला लावतात, मग कपाळाला, आणि त्यानंतर त्यांचा दिवस सुरू होतो. आई चिडते. "तुमच्या बोहनीवर तिची भाजी शिजून राह्यली," म्हणते. बाबा नुसते हसतात.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या कॉलेजचं जे झालं ते यातूनच झालं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नाही. बारावी सायन्सला मला बरे मार्क पडले, सीईटीही ठीक गेली, तेव्हा सगळे विचारू लागले की आता काय. मी म्हटलं, इलेक्ट्रिकल. काहींना वाटलं मी वायरमन होणार आहे. शेजारचे काका म्हणाले, खांबावर चढताना ओढणी सांभाळजो. मला नीट सांगताही येत नव्हतं की इलेक्ट्रिकलच का. विहिरीवरची मोटर जळाली की बाबा ती गावात रिवाइंडिंगला न्यायचे, मी सोबत जायची. तिथले मिस्त्री काळी पडलेली तार उचकटून काढायचे आणि नवी, लाल तांब्याची तार वेढ्यावर वेढा भरायचे. तेवढ्यावर ते लोखंड परत पाणी कसं ओढतं, हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. शाळेत विचारलं तर सर म्हणाले, पुढे शिकशील.

कागदपत्रं तपासून घ्यायला आम्हाला शहरातल्या सरकारी कॉलेजात जावं लागलं. बाबा बाहेर कडुनिंबाखाली बसले. माझा नंबर यायला वेळ होता म्हणून मी आवारात फिरत होते, तेव्हा एका खिडकीतून मशीन लॅब दिसली. चार-पाच मुलं एका मोटरभोवती उभी होती. एका मुलीने वेणीचा अंबाडा बांधून स्विच दाबला. मोटर आधी गुरगुरली, मग तिचा आवाज एकसारखा झाला आणि मुलगी मीटर बघत काहीतरी लिहू लागली. तिथे कुणी तिच्याकडे कौतुकानेही बघत नव्हतं. मला तिथेच जायचं होतं. तसं मी बाबांना एकदाच म्हटलं, परत येताना, आणि मोठ्याने म्हणायला भीती वाटली. आपल्याला तिथे कोण घेणार, हे मनात होतंच.

कॉलेजांचा पसंतीक्रम आम्ही गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून भरला. आपल्याला हवी ती कॉलेजं एक, दोन, तीन अशी लावायची असतात. दुकानातल्या दादाने विचारलं, एक नंबरला कोणतं टाकू? मी सरकारी कॉलेजाचं नाव घेणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले. जवळच्या एका खाजगी कॉलेजातही इलेक्ट्रिकल होतं. बसने जाऊन-येऊन करता आलं असतं आणि तिथे मला नक्की मिळेल असं सगळेच म्हणत होते.

"ते जवळचं पहिले टाक," बाबा म्हणाले. "एक नंबर बोहनीचा असते, बेटा. बोहनीले पक्कं गिऱ्हाईक पाहिजे. तुह्यं सरकारी त्याच्या खाली ठेव. एकदा बोहनी झाली का मंग आरामात मोठा सौदा करता येते."

दादा म्हणाला, तुम्ही सांगाल तसं. स्क्रीनवर सूचना होती की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळाल्यास जागा आपोआप फ्रीझ होईल. मी ती वाचली. फ्रीझ म्हणजे पक्की, कुणी हिसकावून घेणार नाही, असा अर्थ मी लावला आणि बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, मग तर चांगलंच आहे. पुढच्या फेरीत दोन नंबरचं बघतील, असं आम्ही दोघांनीही धरलं. मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडे सगळं असंच तर चालतं.

पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं. बाबांनी पेढे आणले. पोरगी फ्रीझ झाली, असं ते सगळ्यांना सांगत सुटले, आणि शेजारच्या काकांनी विचारलं, "कॉलेजवाले फ्रीज देऊन राह्यले का? मंग आमच्या पोराले पण टाकतो." सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते, आमचा प्रवर्गही एकच. तिला ते सरकारी कॉलेज मिळालं होतं, इलेक्ट्रिकलच. तिने सहज विचारलं, तू तिथे काऊन नाई टाकलं? मी म्हटलं, टाकलं आहे ना, दोन नंबरला. एक नंबरला काय टाकलं, तिने विचारलं. मग तिने मला समजावलं. पहिलं मिळालं की तीच तुमची आवड धरतात. पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपतात. नाही घेतलं तर बाहेर.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. हेल्पलाइनचा नंबर लावून बसायची, तो लागायचा नाही. लागला तेव्हा पलीकडच्या मुलीने तीच सूचना मला वाचून दाखवली. मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगून मी एकटी त्या सरकारी कॉलेजात गेले. तपासणीच्या टेबलावरचे सर चिडले नाहीत. उलट समजुतीने बोलले, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तू एक नंबरला जे मागितलं तेच तुला मिळालं," ते म्हणाले. "किती पोरांना ते मिळत नाही. तुझी तक्रार काय आहे?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना कसं सांगायचं? सर, आमच्याकडे बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत, असं? मी म्हटलं, चूक झाली. ते म्हणाले, आता काही होत नाही. बाहेर येऊन मी त्या लॅबच्या खिडकीपाशी गेले. खिडकी लावलेली होती. काचेला कपाळ टेकवून आत बघायचा प्रयत्न केला, तर माझाच चेहरा दिसत होता. परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं की एखादा माणूस असेल, एखादं ऑफिस असेल, जिथे गेलं तर हे उलटं फिरवता येईल, आणि ते मला माहीत नाही एवढंच. आमच्या ओळखीत असं विचारण्यासारखं कुणी नव्हतं.

घरी कुणाला काही सांगितलं नाही. बाबांचा आनंद मला बघवत नव्हता आणि मोडवतही नव्हता.

प्रवेश घ्यायला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले. फी भरून झाल्यावर त्यांनीच हौसेने विचारलं, पोरीची लॅब पाहता येईल का? तिथल्या शिपायाने कुलूप उघडलं. खोली स्वच्छ होती. मधोमध मोठी मोटर होती, तिच्यावर हळद-कुंकवाचे सुकलेले ठिपके आणि गळ्यात झेंडूचा हार. फुलं वाळून तपकिरी झालेली, पण हार जागच्या जागी.

आमच्या विहिरीवरच्या मोटरलाही बाबा दसऱ्याला हार घालतात. दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली की तो थरथरत खाली पडतो.

"दसऱ्याचाच होय का हा?" बाबांनी विचारलं.

"हो. दरवर्षी पूजा करतो ना आम्ही," शिपाई अभिमानाने म्हणाला.

बाबांनी हाराला बोट लावलं. एक पाकळी चुरा होऊन पडली.  बसमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "आता पुढच्या फेरीत ते सरकारी पाह्यतीन ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण कधीतरी त्यांना कळणारच होतं.

"नाई बाबा. पहिलं भेटलं का पुढचं पाह्यत नाई."

"पाह्यतच नाई?"

"नाई."

"अन् दोन नंबरवर लिवलं ते?"

"ते तसंच राह्यते."

त्यांनी मान हलवली. कंडक्टर आला तेव्हा तिकिटं आधीच काढलेली असूनही त्यांनी परत पैसे पुढे केले.

कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता म्हणून पुढच्या बाजाराला मी सोबत गेले. बारदान अंथरलं, बाबा जुड्या मांडू लागले आणि मावशी आली. तिने सांबाराच्या दोन जुड्या उचलल्या आणि नेहमीसारखा अर्धा भाव सांगितला.

"नाई परवडत, मावशी," बाबा म्हणाले.

तिला थट्टा वाटली. "पोरगी इंजिनेर होऊन राह्यली म्हणून भाव वाढवला का?"

"नाई परवडत."

मावशी माझ्याकडे बघू लागली. मला ओरडून म्हणावंसं वाटलं की बाबा, द्या तिला, मी शिकेन त्या लॅबमध्ये, मीच तो हार काढेन. पण तसं होईल याची मलाच खात्री नव्हती. मावशीने जुड्या खाली ठेवल्या, एक पुन्हा उचलून पाहिली, ठेवली आणि गेली. बाबा तराजूच्या रिकाम्या पारड्याकडे बघत बसले. बाजार भरू लागला होता. मी सांबारावर पाणी शिंपडलं. ते ओलंच होतं, तरी थोड्या वेळाने परत शिंपडलं.