राखलेली झोप

सारजाबाईला गल्लीत कुणी चांगलं म्हणत नसे, आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कल्हईवाल्याने गल्लीच्या तोंडाशी भाता लावला की ही पदर खोचून हजर. "उचल तुझं बिऱ्हाड. हितं माणूस निजलाय." गोट्यांवरून भांडणारी पोरं असोत, बोहारीण असो, नाहीतर देवळात भरदुपारी झांजा कुटणारा भक्त असो, कुणाचीही गय नाही. गिरणीचा भोंगा तेवढा तिच्या तावडीतून सुटला होता, तोही तिचे हात तिथवर पोचत नव्हते म्हणून.

आत पत्र्याच्या खोलीत, खिडकीला ओलं पोतं लावून, तिचा नवरा मानसिंग झोपलेला असे. तो एसटीत, पुण्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. रात्रभर गाडी हाकून सकाळी घरी यायचा, भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. सोलापूरचं ऊन, वर पत्रा, आणि अशात माणसाने दिवसा झोपायचं. ज्यांनी ही नोकरीची रीत घालून दिली, त्यांनी एकदा तरी त्या पत्र्याखाली दुपारी पडून बघायला हवं होतं.

सारजाबाई पहिल्यापासून अशी कजाग नव्हती. एका सकाळी मानसिंग आला तो बूट न काढताच उंबऱ्यावर बसून राहिला. तिने पाणी पुढं केलं, ते त्याने घेतलं नाही.

"सारजे, टेंभुर्णी सोडली ती आठवतीया," तो म्हणाला. "मोहोळ आलं ते बी आठवतंय. मधला रस्ता कुणी चालवला?"

तिला वाटलं थट्टा करतोय. मग तिने त्याचं तोंड बघितलं.

"डोळं उघडंच हुतं गं. पन मी न्हवतो तितं. मागं गाडीभर माणसं निजलेली, आन् मी बी."

त्या दिवसापासून या बाईने दुसरा ध्यास धरला नाही. नवऱ्याची झोप मोडली, तर एक दिवस नवराच परत यायचा नाही, एवढं तिच्या मनाने पक्कं घेतलं. लेक शकुंतला बाळंतपणाला आली आणि नातू रडका निघाला, तर ही सारी दुपार त्याला पदराखाली घेऊन देवळाच्या ओट्यावर बसायची. तरीही रात्रीच्या रडण्याने आपलेच डोळे मिटेनात आणि दिवसा पहाऱ्यात चूक होऊ लागली, तेव्हा तिने लेकीला महिना भरायच्या आत दुधनीला सासरी लावली. लेक रडत गेली. सारजाबाई रडली नाही. मानसिंग झोपला होता.

त्यात डेपोची तऱ्हा वेगळी. ड्रायव्हर कायमच कमी, गाड्या कायमच जास्त. एखादा आजारी पडला, गावाला गेला, की नुकत्याच उतरलेल्याला पुन्हा चढवायचं. थकव्यावर डेपोकडे एकच औषध होतं, कपभर चहा. तेही उधारीवर. शिवाय आणीबाणीचे दिवस. गाडी वेळेवर सुटली नाही तर नोकरीवर गदा यायची, अशी धास्ती साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना लागून राहिलेली. गाडी सुटली पाहिजे. चालवणारा जागा आहे की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर बोलवायला बसलिंगप्पा शिपाई सायकलवरून यायचा. अक्कलकोटकडचा, कन्नड हेल काढून बोलणारा, मनाने बिचारा गरीब. पण त्याची सायकल दिसली की ड्रायव्हरांच्या बायका दार लोटून घ्यायच्या. दारात बूट दिसले की माणूस घरात आहे हे त्याला कळे, मग नाही म्हणायची सोय उरत नसे. सारजाबाईने त्यावर तोड काढली. मानसिंगने बूट काढले रे काढले की ती ते ज्वारीच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायची. बसलिंगप्पा आला की दारातच सांगायची, "मोहोळला गेलेत, भावाकडं." मोहोळला भाऊ होता खरा. त्याचं तोंड मानसिंगने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

गल्लीतला सगळा आवाज तिने बंद पाडला, फक्त भिंतीपलीकडचं उखळ तिला पुरून उरलं. पलीकडच्या खोलीत कुंडलिक राहायचा. तोही ड्रायव्हर, मानसिंगपेक्षा वयाने लहान, हसतमुख. त्याची बायको मुक्ताबाई एका खानावळीला शेंगाची चटणी कुटून द्यायची. दाणे, लसूण, तिखट उखळात पडलं की धप् धप् सुरू, आणि भिंत हादरायची.

"मुक्ते, दुपारचं थांबव की गं जरा."

"खानावळीला संध्याकाळची चटणी सकाळी देऊ व्हय, सारजाक्का? माजा बी मालक डायवरच हाय. कानाशी ढोल बडवा, उठत न्हाय. तुमचाच लई नाजूक, बाई."

यावरून दोघींची तोंडं वाजली ती वाजलीच. पाणी भरायच्या रांगेतही बोलणं बंद. पण खरं सांगायचं तर, उखळाच्या दणक्यातही ज्याला झोप लागते तो माणूस किती शिणलेला असेल, हे गल्लीत एका सारजाबाईलाच कळत होतं. कळूनही ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्याच्या नवऱ्याची राखण तिने घेतली नव्हती.

त्या दिवशी मानसिंग सकाळी आला. कुंडलिक त्याच्याही नंतर, ऊन चढल्यावर आला. त्याची गाडी वाटेत बंद पडली होती. सारजाबाईने त्याला भिंतीला हात टेकत खोलीत शिरताना बघितलं. दुपारी उखळ सुरू झालं. सारजाबाई दातओठ खात दारात बसली होती, तेवढ्यात बसलिंगप्पाची सायकल आली.

"वैनी, मानसिंग हायेत का? पुण्याच्या गाडीला डायवर न्हाई. साहेब लई तापलेत."

"मोहोळला गेलेत, भावाकडं."

बसलिंगप्पाने दारात नजर टाकली. बूट नव्हते. तो डोकं खाजवत उभा राहिला. "आता कुणाला न्यावं, देवा?"

इथवर ती रोजचीच सारजाबाई होती. इथं गप्प राहिली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. पण पलीकडे धप् धप् चाललं होतं, एकेक दणका तिच्या डोक्यात बसत होता, आणि तिच्या जिभेवरचा ताबा सुटला.

"कुंडलिक हाय की घरात. ऐकू येईना व्हय त्याच्या बायकूचं उखळ? एवढ्या आवाजात निजतोय, म्हंजे झोप झाली आसंल त्याची."

बसलिंगप्पाने पलीकडचं दार वाजवलं आणि उखळ थांबलं. मुक्ताबाईचा चढलेला आवाज ऐकू आला, बसलिंगप्पाचा गयावया करणारा आवाज ऐकू आला. मग कुंडलिक तोंडावर पाणी मारून बाहेर आला. डोळे तांबारलेले.

"झेपंल का?" बसलिंगप्पाने विचारलं.

"झेपंल की. न झेपून सांगतो कुणाला?" जाता जाता तो सारजाबाईकडे बघून हसला. "दादा भावाकडं गेलेत व्हय, सारजाक्का? बेस केलं. निवांत निजतील तरी."

मोहोळ सोडल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला, कोरड्या सरळ रस्त्यावरून गाडी आपणहून खाली उतरली आणि लिंबाच्या झाडावर आदळली. समोर कुणी नव्हतं. उतारूंचे हातपाय मोडले, कुंडलिक जागीच गेला.

चौकशी झाली. झेपंल का असं विचारलं होतं, तो झेपंल म्हणाला, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. ठपका मेलेल्या माणसावर ठेवला. तो काही उलट बोलायला येणार नव्हता. त्याचं नाव कुणी सुचवलं हे बसलिंगप्पाने तोंडातून काढलं नाही. त्याचीही नोकरी होती.

सुतक फिटल्यावर मुक्ताबाईने पुन्हा उखळ मांडलं. आता तर पोटच त्याच्यावर होतं. पण मानसिंग घरी आला की ते आपोआप थांबायचं. सारजाबाई जे सगळी वर्षं भांडून मिळवू शकली नाही, ते तिला फुकट मिळालं. एका दुपारी ती स्वतः मुक्ताबाईच्या दारात गेली.

"कुट की गं मुक्ते. काय न्हाय हुत."

"नको, सारजाक्का." मुक्ताबाई मुसळ भिंतीला टेकवून बसली होती. "तुमी सांगत हुता, मला कळलं न्हाय. दादास्नी निजू द्या. माज्यासारखं कुनाचं हू नये."

सारजाबाईला वाटलं भुईने पोटात घ्यावं. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तशीच मागे फिरली. निदान नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, एवढाच तिला आधार होता.

गल्ली चिडीचूप. उखळ बंद, पोरं गप्प, कल्हईवाला तर फिरकतच नव्हता. अशा शांततेत मानसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पोतं ओलं करायला आत गेली आणि तिने बघितलं, त्याचे डोळे सताड उघडे होते. मग तिच्याच्याने राहवेना. ती त्याच्या पायाशी बसली.

"तुमास्नी एक सांगायचंय. त्या दिवशी बसलिंगप्पा आलता, तवा कुंडलिकाचं नाव…"

"ठावं हाय," भिंतीकडे बघतच तो म्हणाला. "उखळानं जागा झालतो."

सारजाबाई त्याच्या तोंडाकडं वाकली. "मग उठला का न्हाई? हाक का मारली न्हाई?"

मानसिंगने पाय पोटाशी ओढून घेतले.

"तू सांगितलंवतंस न्हवं," तो म्हणाला, "मी मोहोळला गेलोय म्हनून. मला बी तितंच ऱ्हावंसं वाटलं."

एवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. बसलिंगप्पाने उंबऱ्याबाहेरूनच, खाली बघत विचारलं, "वैनी, मानसिंग हायेत का?"

सारजाबाईने तोंड उघडलं. मोहोळ तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. कुंडलिक गेल्यापासून मानसिंगच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तिला आत्ताच कळलं होतं. असं असूनही या खेपेला तिच्याच्याने खोटं बोलवेना. नाही म्हटलं तर बसलिंगप्पा दुसरं दार वाजवणार होता.

"हायेत," ती म्हणाली.

मानसिंग उठला. ज्वारीच्या डब्याचं झाकण काढून त्याने स्वतःच बूट बाहेर घेतले, खाली बसून घातले, आणि बसलिंगप्पाच्या सायकलमागे चालू लागला. ती दारात उभी राहून बघत होती. भिंतीला हात टेकत तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

तो गेलेला बघून मुक्ताबाईने दाणे उखळात ओतले आणि कुटायला घेतलं.