धांदरट मुलीचं गाणं

आज लेकीने शाळेतल्या नाचासाठी एक जुनं गाणं लावलं आणि माझ्या नाकात भाजलेल्या तिळाचा वास भरला.

मस्कतला आल्यावरचं, तिथल्या अल हैल भागातल्या घरातलं माझं पहिलं हळदीकुंकू. उखाणा घेताना मी अडखळले आणि तिळगुळाचं तबक बायकांसमोर पालथं झालं. आतल्या खोलीतून नवरा मोबाइल घेऊन आला. धांदरट मुलीचं हेच गाणं लावून म्हणाला, "हे आमच्या हिचं राष्ट्रगीत!" सगळ्या हसल्या. मीही हसत हसत गालिच्यातले तीळ वेचले. पुढे घरात काहीही सांडलं की हे गाणं ठरलेलंच.

लेकीने ते शेवटपर्यंत वाजू दिलं. शेवटच्या कडव्यात ती मुलगी उठते आणि पुन्हा नाचते. मला ठाऊकच नव्हतं. गाण्यात ती नाचताना पडली की नवरा म्हणायचा, "खलास!" आणि गाणं बंद करायचा.