भिंतीला गाल

वलआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीला गाल लावायची. यजमानीण 'या, बसा' म्हणते न म्हणते तोवर ही बाई कोपऱ्यात पोचलेली, कमरेत वाकलेली, डोळे मिटलेले आणि उजवा गाल भिंतीला टेकलेला. नवखं माणूस बघतच राहायचं. मग सरळ होऊन ती निकाल द्यायची, "कोरडी हाय," नाहीतर "वल हाय." एवढं झालं की गुळाचा खडा तोंडात टाकून गप्पांना मोकळी.

सांगलीत नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीत ओलीला वल म्हणत, म्हणून ही वलआत्या. आणि आत्या एवढ्यासाठी, की ती त्या गल्लीची लेक. नदीकाठच्याच एका खेड्यात दिलेली, ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन भावाकडे परत आलेली. भावाचं घर आमच्या शेजारी. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणत. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणे, ते तिच्याहून चार वर्षांनी मोठे, पण तेही तिला आत्याच म्हणत. एकदा धीर करून मी विचारलं, गालच कशाला, हाताला कळत नाही का? तिने आपला तळवा माझ्यापुढे धरला. सगळा घट्ट्यांनी भरलेला. "ह्येला निखारा लावला तरी कळत न्हाई, वल काय कळनार? गालाला कामधंदा न्हाई बग, म्हून त्येला कळतंय."

मी कवठे महांकाळकडची. आमच्याकडे सकाळी भिंत शेणमातीने पोतारली की दुपारी खडखडीत. वळचणीला चार थेंब गळाले तर बायका खाली कळशी लावायच्या. ओल घराला खाते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. लग्न होऊन सांगलीला आले ती हीच अक्कल पदराला बांधून. सासूबाई नव्हत्या. आमचे हे पलटणीत, लढाई चालू होती म्हणून कुठेतरी समुद्रापार. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं पत्र. मामंजी दिवसभर पेठेत, हळदीच्या वखारीत. म्हणजे मला शहाणपण शिकवायला वलआत्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिच्याकडून शिकायची माझी मुळीच तयारी नव्हती. मी स्वतःला फार हुशार समजत असे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात नदी चढायला लागली. मला आठवा महिना होता. माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच व्हायचं होतं. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडू लागल्या, तशी मी शेणमाती कालवून उंबऱ्यावर वीतभर उंच बांध घातला. छान गुळगुळीत घातला. वलआत्या आली आणि तिने तो पायाने सपाट केला.

"पानी पाव्हना हाय, पोरी," ती म्हणाली. "त्येला पुढच्या दारात आडवलंस तर त्यो भितीतनं येनार. पुढलं दार उघड, मागलं उघड. येतंय तसं जाऊ दे."

मग तिने घर हलवलं. माझ्या ट्रंका, धान्याची पोती, अंथरुणं, सगळं माळ्यावर. हे झाल्यावर चुलीतली राख आणि परसातल्या कोरड्या गवऱ्या वर न्यायला लावल्या. मी म्हटलं, आत्या, राखही वर? तर म्हणाली, "पूर वसरला की सोन्याला कोन इचारत न्हाई, कोरड्या गवरीला इचारत्यात." दोन दिवस आम्ही वरच्या आळीतल्या एका ओळखीच्या माडीवर काढले. गवरीबद्दल तिचं बरोबर होतं, हे चौथ्या दिवशी चूल पेटवताना कळलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरून घरात गुडघ्याइतकं राहिलं. सगळे म्हणत होते, पुरतं जाऊ दे, मग साफ करू. आत्या मात्र चार बायका, सुपं आणि खराटे घेऊन त्या पाण्यात उतरली. उतरत्या पाण्यातच जमीन खराट्याने ढवळायची, भिंती धुवायच्या, म्हणजे गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो. "नदीनं आनलाय, नदीलाच न्हेऊ दे," हे तिचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत आमचं घर रिकामं झालं. जे थांबले त्यांच्याकडे गाळ बसला, वाळला, आणि पुढे पंधरा दिवस लोक स्वतःच्या माजघरात कुदळ मारत होते. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आमच्या माजघरामागे एक खोली होती. खिडकी नाही, वारा नाही, उबदार. मामंजींचा जन्म तिथला, ह्यांचाही तिथलाच. माझी बाजही तिथेच पडायची होती. गौरी तोंडावर आल्या होत्या आणि माझे दिवसही. खोलीच्या भिंती पुराने डागाळलेल्या, कमरेच्या उंचीवर पाण्याची काळी रेघ. मला ते बघवेना. मी शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन पांढरी माती नि शेण कालवलं आणि चारी भिंती जाड पोतारून काढल्या. मग दार लावून आत शेगडी ठेवली. दोन दिवसांत भिंती अशा सुरेख वाळल्या की मी लोकांना बोलावून दाखवत होते. बाजेच्या पायांखाली घालायच्या विटासुद्धा मांडून ठेवल्या.

आत्याला बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली, वाकली, गाल लावला, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच राहिली.

"हिचं त्वांड बांधलंस तू," ती म्हणाली. "आत पानी हाय, आन् वरनं तू लिंपून टाकलंस. ते आता जानार कुटनं?"

आणि कनवटीचं खुरपं काढून तिने माझी भिंत खरवडायला सुरुवात केली. तीन दिवसांच्या कष्टाचे पापुद्रे खाली पडायला लागले. माझं डोकं फिरलं. आज लिहितानाही मान खाली जाते, पण लपवून काय करू? मी म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं? तुमचं स्वतःचं काही राहिलं नाही, म्हणून माझं उकरायला आलात का?"

खुरपं क्षणभर थांबलं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा उलट बोलेल. ती वळलीसुद्धा नाही. "पदूर लाव नाकाला," ती म्हणाली. "वरला थर कोरडा हाय, धुरळा उडंल. पोटुशी हाईस." आणि पुन्हा खरवडायला लागली.

लिंपण निघाल्यावर आतली कच्ची वीट उघडी पडली. आत्याने बोटाने टोकरली, तर ताकात भिजलेल्या भाकरीसारखी माती हातात आली. संध्याकाळी मामंजींना तिने ते दाखवलं. मागची भिंत बुडातून गेली आहे, उतरवून नवी घाला, तोवर या खोलीत कुणी जायचं नाही. मामंजींनाही ते पटलं. पण पुरानंतर गवंडी कुठला मिळायला? शेवटी मागून दोन वासे टेकू म्हणून लावले आणि खोलीला कडी घातली. मी आत्याशी बोलायचं सोडलं. मनात म्हणत होते, वेळ आली की बघू, सुईण माझ्या बाजूची आहे.

वेळ आली ती सकाळी, मामंजी वखारीत निघायच्या बेतात असताना. सुईण आली, कडीकडे बघून म्हणाली, ही खोली असताना सोप्यात कशाला? सोपा रस्त्यावर, वारा लागेल. मीही कण्हत कण्हत तेच म्हटलं. तेवढ्यात आत्या आली आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी बसली.

"वाऱ्याला घोंगडी लावता येतीया," ती सुईणीला म्हणाली. "भितीला काय लावशील? आत जायाचं तर माज्या अंगावरनं जावा."

अशा बाईशी कळा देत देत कोण भांडणार? सोप्यात घोंगड्या बांधल्या, आणि भर सकाळी, रस्त्याने जाणाऱ्यांची बोलणी ऐकत, मी बाळंत झाले. मुलगी झाली. आत्या घोंगडीच्या बाहेर बसून पाणी तापवून देत होती. आत आली नाही. का आली नाही ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला आत बोलावलं नाही.

पाचवीच्या दिवशी दुपारी पूजेची मांडामांड चालली होती. सोप्यात पाटा-वरवंटा मांडलेला. मामंजी घरीच होते. मागच्या बाजूला आवाज झाला. फार मोठा नाही, वखारीत हळदीचं पोतं टाकावं तसा धप्प. मग कडी घातलेल्या दाराच्या फटीतून धुरळा यायला लागला. मामंजींनी दार उघडलं. मी भिंतीला धरत धरत गेले. मागची भिंत वाशांकडे न जाता आत कोसळली होती, सगळी. बाजेसाठी मांडलेल्या माझ्या चार विटा त्या ढिगाखाली कुठे दिसत नव्हत्या.

मी सोप्यात परत आले आणि मुलीला उराशी धरलं. आवाज ऐकून आत्या आली. मागे जाऊन बघून आली आणि रोजच्यासारखी घोंगडीच्या बाहेर बसली. मी म्हटलं, "आत्या, आत या." ती आली. मी मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. तिने वाकून मुलीच्या गालाला गाल लावला, मग खाली हात घालून म्हणाली, "ही मातर वल हाय. बदल आदी." मी रडत होते, तशीच हसले.

लंगोट बदलून झाल्यावर ती मुलीकडे बघतच म्हणाली, "मी बी आसंच पोतारलं व्हतं. गौरीसाठनं. लय सुबक हात व्हता माजा. पाळना भितीपाशीच व्हता." एवढंच. क्षमा मागायला मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिचा घट्ट्यांचा हात धरून बसले, तर म्हणाली, "हात सोड, पोर भुकेली हाय."

लढाई संपून हे घरी आले तेव्हा नवी भिंत उभी होती. गुडघ्यापर्यंत काळा दगड, वर माती, आणि आत्याच्या हट्टाने त्या खोलीला एक खिडकी. ह्यांनी भिंत बघितली, मुलगी बघितली, आणि तसेच शेजारी जाऊन आत्याच्या पायांवर डोकं ठेवून आले. जे मला साधलं नव्हतं ते ह्यांनी न बोलता केलं.

पुढे आत्याच्या भाच्याला साताऱ्याला कचेरीत नोकरी लागली. सगळं बिऱ्हाड निघालं. आत्याला जायचं नव्हतं. "तितं डोंगराच्या अंगाला घरं. पूर न्हाई, काय न्हाई. करू काय मी?" निघायच्या सकाळी ती आमच्याकडे आली, आणि घरातल्या एकेका भिंतीला गाल लावत फिरली. खिडकीच्या खोलीत सगळ्यांत जास्त वेळ थांबली. मग मला म्हणाली, "आता तू लाव." मी लावला. भिंत गार लागली, बाकी काही समजलं नाही. तसं मी सांगितलं. "कळंल," ती म्हणाली. मी वाकून नमस्कार केला. क्षमा मागायची ती याही वेळी राहूनच गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. साताऱ्याहून कुणी आलं की आत्याची खुशाली कळायची, आणि एके दिवशी ती गेल्याचं कळलं. मी त्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून पोटभर रडले.

त्याच वर्षी पुन्हा पाणी चढलं, गल्लीत आलं, उतरलं. गौरी जवळ आल्या होत्या. समोरच्या घरात जतकडची नवी सून आली होती, कोरड्या मुलखातली, माझ्यासारखीच. तिने मोठ्या हौसेने मला आपलं घर बघायला बोलावलं. माजघराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, ताज्या पोतारलेल्या, आणि एका भिंतीपाशी तिच्या तान्ह्याचा पाळणा. पोरीचा हात खरंच सुबक होता. मी वाकले, डोळे मिटले, गाल लावला. वरचा थर कोरडा होता. पण त्याच्या आतून एक बारीक, चिकट गारवा हळूहळू गालात उतरत होता. मला कळलं.

पाळणा मी आधी सोप्यात नेऊन ठेवला. मग घरी जाऊन खुरपं आणलं आणि तिची भिंत खरवडायला लागले. पोर आधी थक्क झाली, मग चिडली, मग रडत रडत मला वाटेल ते बोलली. माझ्या घरावर, माझ्या वयावर, माझ्या नजरेवर. मी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना मला फार बरं वाटत होतं. तिचं बोलून झालं तेव्हा मी मागे न वळता म्हटलं, "पदर लाव गं नाकाला. धुरळा उडेल."