मामांच्या राहून गेलेल्या भेटी

माणसाच्या जाण्याची जितकी काळजी खुद्द यमाला नसेल तितकी आमच्या चोपड्याच्या मामासासऱ्यांना असते. लग्नाला ते उशिरा पोचतील, बारसं साफ विसरतील. पण कुणी गेल्यावर त्याच्या दारी बसायला जायचं असलं की सकाळीच पांढरी टोपी झटकून तयार. या बसण्याचं त्यांनी शास्त्रच करून ठेवलं आहे. सतरंजीच्या कडेला बसायचं, मधोमध नाही. आधी एक उसासा, मग बराच वेळ गप्प, मग गेलेल्या माणसाचा एखादा चांगला गुण. चहा घ्यायचा नाही. आणि उठताना आपण 'येतो' म्हणायचं नाही, घरच्यांनी 'या' म्हणायचं नाही. टोपी सारखी करायची, मुकाट निघायचं आणि मागं वळून बघायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी अशा एका घरून निघताना सवयीनं "बरंय, येतो पुन्हा" म्हणून गेलो. गाडीत बसल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "पुन्हा येवाकरता आखो कोनले मारतस, जावईबापू?" तेव्हापासून दुःखाच्या घरी मी तोंड उघडत नाही.

अशा माणसाच्या नशिबी कोरोना यावा, याला काय म्हणावं! माणसं पटापट जात होती आणि मामा घरात कोंडलेले. मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेले भावपूर्ण श्रद्धांजलीचे निरोप यायचे, त्यावर दुसरे लोक हात जोडलेली चित्रं पाठवायचे. मामा फोन पालथा घालत आणि म्हणत, "आंगठाघाई कोनी रडस का?" आणि मग दुसऱ्या लाटेत मामीच गेल्या. जळगावच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणताच आलं नाही. मी आणि बायको तेव्हा इथं जळगावात तापानं फणफणून एका खोलीत पडलेलो; आम्हालाही जाता आलं नाही. मामांनी मात्र रिवाजाप्रमाणे ओट्यावर सतरंजी अंथरली आणि दहाव्यापर्यंत रोज सकाळी तिच्या टोकाला जाऊन बसले. समोरचे लोक खिडकीतून हात जोडत आणि खिडकी लावून घेत. त्यांचाही इलाज नव्हता. दहावं झालं, मामांनी सतरंजीची घडी घातली आणि माळ्यावर टाकली.

लसी झाल्या, बाजार उघडले, भुसावळच्या गाड्या पुन्हा भरून धावायला लागल्या, लोकांचे मास्क नाकावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून खिशात गेले. तेव्हा एका रविवारी मामांचा फोन आला. "बठ्ठा राही गयात. आते जावानं शे." राहून गेलेत म्हणजे दोन वर्षांत गेलेले सगळे, ज्यांच्या दारी बसणं झालं नव्हतं ते. गाडी माझी, पेट्रोल माझं, रविवार माझा; मामांची फक्त टोपी आणि एक पिशवी. पिशवीत सॅनिटायझर, घरच्या पाण्याची बाटली आणि दोन मास्क, कारण मामा एकावर एक दोन लावत. त्यामागे चेहऱ्यावरचं दुःख दिसत नाही अशी त्यांना शंका होती, म्हणून ते उसासा एवढा मोठा टाकत की शेजारच्या घरातला माणूस काय झालं म्हणून बाहेर येई. एका गावी पोचलो तर दारात मांडव आणि डीजे. गेलेल्या म्हाताऱ्याच्या नातवाची हळद चालली होती. मी म्हटलं, मामा, परत फिरू. मामा ऐकतात होय! मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन बसले, गप्प. कुणीतरी हातात लाडू दिला, तो तसाच धरून ठेवला. शेवटी घरच्या म्हातारीनं त्यांना ओळखलं, डीजे बंद करायला लावला आणि मामांच्या शेजारी बसून नवऱ्याच्या नावानं रडली. मग लेकी रडल्या, सुना रडल्या, हळद लागलेला नवरदेवही रडला. डोळे पुसून म्हातारीनं स्वतःच डीजे लावायला सांगितला, आणि आम्ही निघालो तेव्हा मामांची पांढरी टोपी निम्मी पिवळी झाली होती.

परतताना तापीच्या पुलावर मामा एकदम म्हणाले, "तुमनी मामीकरता कोनी बसनंच नही." एवढंच. मला फार वाईट वाटलं, पण करणार काय? लग्नाला पत्रिका पाठवता येते. आमच्याकडे येऊन रडा, असं कुणी कुणाला सांगत नाही. आणि लोकांना वाटत होतं की आता एवढ्या उशिरा जाऊन म्हाताऱ्याची जखम कशाला उकरायची. मामांच्या दारी कुणी यावं, हे मामा सोडून कुणी बोलूच शकत नव्हतं, आणि मामा तर मुळीच बोलणार नव्हते.

मग आली धुळ्याकडची फेरी. तिथल्या एका गावी मामांचे एक जुने सोबती राहत. दोघांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात वर्षानुवर्षं एकाच पाळीला काम केलेलं. सगळे त्यांना आबा म्हणत. दुसऱ्या लाटेत आबा दवाखान्यात गेले आणि तिथंच संपले, असं मामांच्या कानावर आलं होतं. आम्ही कडी वाजवली. दार उघडलं ते आबांनीच. माझ्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. मामांनी मात्र त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जोडे काढले आणि म्हणाले, "आते ऊनूच शे, ते बसी लेस." आलोच आहोत तर बसल्याशिवाय जायचं नाही, असा हिशेब. बसले, उसासा टाकला आणि येताना गाडीत तयार केलेले आबांचे सगळे गुण आबांनाच ऐकवले. आबांचे डोळे भरून आले. त्यांच्या बायकोनं दाराआडून विचारलं, "ह्या गुन आमले घरमा ते कधी दिखनात नहीत?" मग काय विचारता! मास्क निघाले, चहा झाला, शेवभाजी-भाकरी झाली, दोघे म्हातारे गुडघ्यावर थापा मारून हसले. त्या वर्षांत मामा एवढे हसलेले मी पाहिले नव्हते. निघताना मामांनी मोठ्यानं 'येतो'सुद्धा म्हटलं, "येस मी!" आणि तेवढ्यात आबांनी विचारलं, "वहिनी कशी शे?"

आबा स्वतःच मरणाच्या दारातून आलेले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मामांनी टोपी सारखी केली आणि मुकाट पायऱ्या उतरले. मागं वळून पाहिलं नाही. हसत्या घरातून मामा असे निघाल्यावर आबांना आणखी काही सांगावं लागलं नाही. ते चौकटीला धरून उभे राहिले.

पुढच्या रविवारी मी आणि बायको चोपड्यालाच होतो. सकाळी आबा आणि त्यांची बायको एसटीतून उतरून काठी टेकत आले. आबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. मामांनी एकदा बघितलं आणि माळ्यावरून सतरंजी काढून ओट्यावर अंथरली. आबा कडेला बसले. उसासा. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाळीवर वहिनीना डबा ये. मले कधी मांगना पडना नही." मामा गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. समोरची खिडकी उघडली, पण या खेपेला लागली नाही, दार उघडलं. एकेक करून सगळी गल्ली येऊन बसली. आमची ही आतल्या दाराशी बसून हमसाहमशी रडत होती, आणि मीही काही कोरडा नव्हतो.

मग रिवाजाप्रमाणे माणसं मुकाट उठली, टोप्या सारख्या करून निघाली. आणि ज्यांनी मला आयुष्यभराचा धडा दिला होता ते मामा ओट्याच्या कडेला येऊन म्हणाले, "येत जा रे भाऊस्वन." सगळे जागच्या जागी थबकले. दुःखाच्या दारातून असं कुणी म्हणत नाही. एकटे आबा वळले. म्हणाले, "येस रे भाऊ, येस."

ती सतरंजी पुन्हा माळ्यावर गेली नाही. संध्याकाळी गल्लीतली चार माणसं तिच्यावर येऊन बसतात, मामा अगदी मधोमध. गप्पा होतात, चहाही होतो. तो मात्र आता मामांनाच उठून करावा लागतो.