कानाने वाचलेली फाईल

माझी नोकरी जाणार नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी, नवऱ्याने, ऑफिसातल्या युनियनवाल्यांनी, सगळ्यांनी मला तेच सांगितलं होतं. पण माझ्या टेबलावरून एकेक काम उचललं जात होतं, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं.

विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. माझी नजर कडांकडून आत मिटत आली. आता मधे एक धुरकट ठिपका उरलाय. त्यात समोरच्याचं नाक सापडलं तर डोळे सापडत नाहीत. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, "राहू दे गं, मी करते." प्रेमानेच म्हणायची. आधी बोनाफाईड सर्टिफिकेटं तिच्याकडे गेली, मग पत्रव्यवहार गेला. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहायचे. साहेब जवळून गेले की मी उगाच दोन-चार बटणं दाबायचे.

डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या एका मुलीने घाटकोपरच्या, न दिसणाऱ्यांसाठीच्या कॉम्प्युटर क्लासचं सांगितलं. शनिवारी नवरा सोडायला आला. शिकवणारे सर जन्मापासून आंधळे. माझा हात माऊसवर गेलेला त्यांना आवाजावरून कळला.

"ताई, ते सोडा आता. आपलं सगळं बोटांवर आणि कानावर."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं ते. मी सवयीने किंमत विचारली.

"फुकट."

"म्हणजे पहिला महिना फुकट?"

सर हसले. "फुकट म्हणजे फुकट. न दिसणाऱ्या लोकांनीच सुरू केलंय. ते आतून कसं लिहिलंय ते सगळ्यांना उघडं आहे. ज्याला येतं त्याने दुरुस्त करावं, पुढे द्यावं."

त्यातला मराठी आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा. 'चमचा' म्हणताना हमखास चुकायचा. पहिले काही आठवडे मला एक वाक्य धड कळेना. भाजी चिरताना कानात हेडफोन घालून मी तो आवाज ऐकत राहायचे. हळूहळू समजायला लागला.

मग ऑफिसात विचारलं. कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा वाईट नव्हता, पण त्यालाही त्याची नोकरी होती.

"बाहेरचं सॉफ्टवेअर अलाउड नाही मॅडम. बिल आहे का त्याचं? कुठल्या कंपनीचं?"

"कंपनी नाहीये. फुकट मिळतं."

"मग त्यात व्हायरस असला तर? उद्या बंद पडलं तर विचारायचं कुणाला?"

त्याचं काही चुकत होतं असं मला वाटेना. शेवटी मी अर्ज केला आणि रजिस्ट्रारसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सॉफ्टवेअर चाचणीपुरतं एका जुन्या लॅपटॉपवर टाकलं होतं. साहेबांनी त्या मुलाला एक जुनं परिपत्रक उघडायला सांगितलं.

"वाचा मॅडम."

मी बटण दाबलं. लॅपटॉप बोलायला लागला, "एच डॉलर के कंस एस..." मी थांबवलं, पुन्हा सुरू केलं. तेच.

"मला तर समोर स्वच्छ मराठी दिसतंय," साहेब म्हणाले.

"तेच तर म्हणत होतो सर," तो मुलगा पुटपुटला.

वाट लागली, आता उठून जावं, असं वाटलं. उठायचं तर दार कुठल्या बाजूला आहे तेही त्या घाबरगुंडीत आठवेना. म्हणून बसून राहिले. आणि बसल्या बसल्या आठवलं, क्लासमधले सर एकदा म्हणाले होते की काही मराठी फक्त दिसायला मराठी असतं.

"सर, ही फाईल जुन्या फॉन्टमधली आहे का? त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात. दिसतात फक्त मराठी. हे आतलं वाचतंय."

तो मुलगा थोडा वेळ काहीतरी बघत होता. "हो सर. जुनाच फॉन्ट आहे."

"मग दुसरं काहीतरी उघड ना. मोबाईलवर टाईप करतो तसल्या मराठीतलं," मी त्याला म्हटलं.

त्याने एका पालकाचा ईमेल उघडला. सर्दीवाला आवाज घडाघडा वाचायला लागला. मुलीचा दाखला हवा होता, गावाकडच्या कॉलेजात द्यायला. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी उत्तर टाईप करायला घेतलं. 'दाखला'चा 'दखला' झाला. आवाजाने तो तसाच वाचला, म्हणून कळला आणि दुरुस्त केला.

साहेबांनी माझं उत्तर वाचून पाहिलं. "एका मशीनवर टाका," ते म्हणाले. "बाकी बघू."

'बाकी बघू'ने मला कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही. कारण जुन्या फॉन्टमधल्या फायली तशाच होत्या, शेकड्यांनी. पण त्या मुलानेच पुढे फॉन्ट बदलणारं एक साधन शोधलं, तेही असंच फुकटचं. त्यात जोडाक्षरं तुटायची. मैत्रीण डोळ्यांनी चुका सांगायची, मी टाईप करायचे. पत्रव्यवहार माझ्याकडे परत आला. बोनाफाईड नाही आला. त्यावरचा विद्यार्थ्याचा फोटो पडताळायला डोळे लागतात.

रोज सकाळी मशीन सुरू केलं की पहिला शब्द कानावर पडेपर्यंत अजूनही मी दुसरं काही हातात घेत नाही. परवा एका संस्थेचं पत्र आलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून पाठवला होता. आवाज नुसता "चित्र" म्हणाला आणि थांबला. मी दोनदा दाबून पाहिलं. मग खुर्ची मैत्रिणीकडे सरकवली.

"एवढं वाचून दाखव ना गं."

ती वाचायला लागली आणि मी टाईप करायला.