ओसाड गावाचा अर्धवट डाव

कॅरमचा बोर्ड आमच्या घरी आला तो थोरल्या भावासाठी. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. संध्याकाळी दादाचे मित्र आले की बोर्ड स्टुलावर चढायचा, आणि मग जेवणाची ताटं मांडेपर्यंत त्या खोलीत आम्हा बायकांचं काही काम नसायचं. दुपारी ती मंडळी बाहेर असली तरच बोर्ड आमच्या वाट्याला यायचा.

आम्ही म्हणजे तिघी. मी डी.एड. होऊन घरी बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज नेमणूक होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. वडील कोर्टात कारकून, त्यांना नेमणुकीचं रोज विचारायची सोय नव्हती. सोलापुरातल्या आमच्याच चाळीत आपल्या मावशीकडे राहून एक मुलगी नर्सिंग शिकत होती. ती जवळच्या मंद्रूप गावची. अजून शिकाऊच होती, पण चाळीतले सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिसरी दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिच्या घरात हातमाग होते, घरची बोली तेलुगू. धाकटी भावंडं तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो, खरं तर ती माझ्याहून लहान होती. सकाळपासून ती कांड्या भरायला बसायची. मागाच्या धोट्यात घालायच्या त्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं, एक भरली की दुसरी. रविवारी दुपारी तेवढी तिची सुटका व्हायची.

एका रविवारी माझा डाव चांगला लागला होता. राणी घेतली होती आणि कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबली होती. लहान मुलानेसुद्धा घातली असती. मी स्ट्रायकर मांडला, आणि दादा दोन मित्रांना घेऊन दारात उभा.

"चला, उठा," तो म्हणाला.

"एवढं कव्हर घेऊ दे."

"कव्हर घेतलं समज. उठा." आणि त्याने हाताने सगळ्या सोंगट्या मधोमध ओढल्या.

आतून आई म्हणाली, "ऊठ गं. मुलं दमून आलीत."

ती मुलं चौकात उभी राहून दमली होती. हाताला बोरिक पावडर लागली होती ती पदराला पुसली आणि आम्ही मागच्या अंगणात येऊन बसलो. सिस्टर हसत होती. तिला कशाचं फार वाटायचं नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो डाव जाईना. हरले असते तर चाललं असतं. पण मी धड हरलेही नाही आणि जिंकलेही नाही.

तेव्हा अक्का म्हणाली, "आपण आपला खेळ करू की. त्यांना कळणारच नाही असा."

पुढच्या रविवारी ती एक जुनं कॅलेंडर घेऊन आली. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने निळ्या शाईने एक गाव काढलं होतं. वेस, गल्ल्या, चावडी, विहिरी, मागवाल्यांची घरं, देवळाचं पटांगण. सापशिडीचा फासा आमच्याकडे होताच. सोंगट्या म्हणून तीन रिकाम्या कांड्या.

"हे गाव ओसाड आहे," अक्का म्हणाली. "एका रात्रीत सगळी माणसं निघून गेली. चुली पेटलेल्या, मागावर कापड अर्धं विणलेलं, दारं उघडी. कुठं गेली कुणाला माहीत नाही. तुम्ही दोघी शोधायला आलात. तुम्ही कोण ते तुम्ही ठरवा. बाकी मी सांगते."

"आणि तू कोण?" मी विचारलं. "कांड्या तर तीन आहेत."

"मी वाटाड्या. आणि गावात जे काय असेल ते सगळं मीच."

असला खेळ मी पाहिला नव्हता. मी सरकारी तपासनीस झाले. सिस्टर म्हणाली, "मी चोर हुनार. दिवसभर लोकांची सेवाच करते की. हितं तरी चोऱ्या करू दे."

मग खेळ सुरू झाला. एखाद्या घरात शिरायचं की नाही, विहिरीत डोकवायचं की नाही, ते आम्ही सांगायचं. फासा टाकायचा. मोठं दान पडलं तर जमलं, लहान पडलं तर काहीतरी बिघडलं. काय जमलं आणि काय बिघडलं ते अक्का सांगायची. ती खाली बघून, हळू आवाजात सांगायची, बोटं आपली मांडीवर कांडी फिरवल्यासारखी फिरत असायची. एका घरात पाळणा अजून हलत होता. एका विहिरीतून पाणी शेंदण्याचा आवाज यायचा, पण दोर कोरडा होता. माझ्या अंगावर काटा आला ते आठवतं, भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना.

आणि नेमकं तेव्हा कुणीतरी ओरडलं, "नळ आला."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला वेळ नव्हती. तो आला की चाळीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन धावायच्या आणि आम्हालाही धावावं लागायचं. त्या दिवशी मी रांगेत उभी राहून चरफडत होते. परत येईपर्यंत अक्काला घरून बोलावणं आलं होतं. पाळणा हलताच राहिला.

असं दर वेळी व्हायचं. कधी सिस्टरची ड्यूटी लागायची आणि दोन-दोन रविवार कोरडे जायचे. कधी अक्काच्या घरी पाहुणे. कधी आई हाक मारायची, शेवया करायच्यात, गहू निवडायचेत, बसून काय करताय. दादाचा कॅरमचा डाव आईने कधी मोडला नाही. आमचा मात्र कुणीही मोडायचा, आणि त्यात आपण काही मोडतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

त्यात मला नियमांचं वेड. एकदा मी देवळाच्या कोठाराचं दार उघडायला फासा टाकला. पाच पडले.

"दार उघडत नाही," अक्का म्हणाली.

"का? मागच्या खेपेला पाचावर चावडीचं दार उघडलं होतं."

"ते त्या दिवशी. हे दार गंजलंय."

"हे तू आत्ता ठरवलंस."

"मग कधी ठरवू?"

मी चिडले. नियम एकदा सांगून टाक, म्हणजे डाव कसा खेळायचा ते आम्हाला कळेल, असं म्हणाले. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दार गंजलंय." सिस्टरने तिच्या पाळीला फासा टाकला, दोन पडले, आणि अक्का म्हणाली, चोराला मागची खिडकी सापडली. मी फासा अंगणात भिरकावला. तो शोधण्यात उरलेली दुपार गेली.

सिस्टर तर वेगळीच डोकेदुखी होती. ती रिकाम्या गावातून तांब्याची भांडी गोळा करत फिरायची. माणसं कुठं गेली हा प्रश्न तिला पडतच नव्हता. एकदा मी तिला म्हणाले, "अगं, जरा मनावर घे. एवढं गाव गेलं कुठं?"

ती म्हणाली, "दुष्काळात कुटं जात्यात मानसं? गेली असतील खडी फोडायला. आमच्या मंद्रूपाकडची अर्धी गावं रस्त्याच्या कामावर हायत. दारं उघडीच टाकून गेल्यात, न्यायला काय ठेवलंय तिथं."

अक्का कॅलेंडरकडे बघत होती. मग ती म्हणाली, "नाही. ही खडी फोडायला गेली नाहीत." एवढंच म्हणाली. पण मला त्यावरून वाटलं की हिला माहीत आहे. हिच्या डोक्यात सगळं पक्कं आहे आणि ही आम्हाला थोडं थोडं देते आहे. त्या आशेवर मी पुढचे कितीतरी रविवार काढले. आठवडाभर भाकरी थापताना, वडिलांचे कपडे वाळत घालताना मी पुरावे जुळवायची. अर्धं कापड, कोरडा दोर, हलणारा पाळणा. सगळ्या खुणा देवळाच्या कोठाराकडे जात होत्या, आणि त्या दाराला गंज चढला होता.

पाऊस सुरू झाल्यावर अक्काचं लग्न ठरलं. मुलगा भिवंडीचा, घरचे यंत्रमाग. ती बातमी तिने डावाच्या मध्येच सांगितली, माझी पाळी असताना, आणि मी फासा हातात धरून बसले.

"मग शेवट?" मी विचारलं.

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. "आदी तिला मुलगा कसा हाय ते इचार की."

मुलगा बरा आहे, अक्का म्हणाली. शेवट पुढच्या खेपेला करू, असंही म्हणाली.

शेवटचा डाव आम्ही तिच्याच घरी खेळलो. माग बंद होते, लग्नाच्या तयारीला आलेल्या बायकांची वर्दळ होती, कोपऱ्यात आम्ही तिघी. मी पहिलाच फासा टाकला आणि सहा पडले. मी म्हणाले, "कोठाराचं दार."

"उघडलं," अक्का म्हणाली.

"आत काय आहे?"

तिने मांडीवरचं बोट थांबवलं. "मला माहीत नाही."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मी म्हणाले, "आता पुरे. वेळ नाही आपल्याकडे. माणसं कुठं गेली?"

"खरंच माहीत नाही गं. कांड्या भरताना सुचेल तसं सांगत होते. म्हणूनच ते दार उघडू देत नव्हते."

"मग आता ठरव. आत्ता, इथं बसल्या बसल्या. काहीही ठरव."

"ठरवलं की संपलं," ती म्हणाली. "तिकडं गेल्यावर मी कशाचा विचार करू? तिथं कुणाला मी ओळखत पण नाही."

यावर सिस्टरने तिचा हात धरला. मला ते जमलं नाही. एवढे रविवार मी त्या गावात हिंडले, पाण्याच्या रांगेत उभी राहून त्या कोठाराचा विचार केला, आणि ही ते गाव उचलून भिवंडीला घेऊन निघाली होती. मी म्हणाले, "मग आम्ही कशाचा विचार करायचा?" तिच्या आईने तिला बांगड्या भरायला हाक मारली आणि ती उठली.

लग्नात मी गेले, अक्षता टाकल्या, जेवले. तिच्याशी बोलायला मिळालं नाही.

त्यानंतर माझी नेमणूक झाली ती वेळापूरच्या शाळेत. तिथे दोघी शिक्षिका माझ्याबरोबर खोली करून राहायच्या. एका रविवारी मी वहीच्या कागदावर गाव काढून त्यांना खेळ समजावून सांगायला लागले. एकीने विचारलं, "पण यात जिंकतं कोण?" दुसरी म्हणाली, "बाई, दिवसभर पोरांना गोष्टी सांगून जीव जातो, आता परत गोष्ट नको." मी कागद गुंडाळला. त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येईना, त्यामुळे आणखीच राग आला.

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी सुट्टी काढून सोलापूरला गेले. ती बाजेवर बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं, मुलगी मांडीवर. चेहरा ओढलेला होता, पण मला बघून हसली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी विचारलं, "त्या गावाचं काय झालं?"

"कुठल्या गावाचं?"

"कोठाराचं दार. ओसाड गाव."

तिला आठवायला क्षणभर लागला. "हां, ते," ती म्हणाली. "तिकडं विचार करायला वेळच नाही गं. कांड्या यंत्रावर भरतात. मी आपली चुलीपाशी. एका पाळीच्या माणसांचं जेवण होतंय तोवर दुसरी पाळी सुटते. बोलायलाही कुणी बसत नाही."

"म्हणजे ठरवलंच नाहीस."

"नाही की." मुलगी रडायला लागली, तिने तिला पदराखाली घेतलं. "तू अजून तिथंच आहेस होय?"

तिने ते मायेनेच विचारलं. मला मात्र उठून जावंसं वाटलं. आम्हाला न देता ती जे घेऊन गेली होती, ते तिलाही मिळालं नव्हतं. कुणावर रागवायचं तेच कळेना. भिवंडीच्या घरावर, नळावर, आईवर, की माझ्याच हट्टावर. थोडा वेळ बसून मी मुलीच्या हातात झबलं ठेवलं आणि निघाले.

दवाखान्यावरून जाताना सिस्टर भेटली. आता ती खरोखरची सिस्टर झाली होती, पांढरी साडी, घाईत. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तूच ठरव की. मास्तरीण हायस न्हवं?" आणि वॉर्डात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापूरची एसटी उशिरा सुटली. खिडकीशी जागा मिळाली. मी ठरवायचा प्रयत्न केला. पूर आला असेल. साथ आली असेल. राजाने हाकललं असेल. कोठारात भुयार असेल आणि सगळे त्यातून गेले असतील. जे जे सुचलं ते ऐकलेलं, वाचलेलं, कुणाचं तरी होतं. अक्काने खाली बघून हळू आवाजात सांगितलं असतं तर कदाचित त्यातलंच काहीही चाललं असतं. माझ्या तोंडी ते येईना. शेजारची बाई टोपलीतल्या कोंबडीला सारखी दाबून बसवत होती आणि मला विचारत होती, बाई, तुमचं गाव कुठलं. मी वेळापूर म्हणाले.

गाडी पोचली तेव्हा शाळेची घंटा होऊन गेली होती. हेडमास्तर दारातच उभे होते. उशीर का झाला ते त्यांनी विचारलं, मी गाडीचं कारण सांगितलं आणि वर्गात जाऊन पाढे म्हणून घ्यायला सुरुवात केली.